बर्फाळ चढावरचे पाऊल : स्नोशूची पारख

सोने तोलण्याचा काटा आणि धान्य तोलण्याचा काटा, दोन्ही आपापल्या जागी खरेच असतात. त्यांची अदलाबदल केली की मात्र दोन्ही निरुपयोगी ठरतात. म्हणूनच अनुभवी व्यापारी एखादी वस्तू चांगली की वाईट एवढेच विचारून थांबत नाही. ती कोणत्या कामासाठी चांगली, हे तो आधी विचारतो. हा साधा विवेक पेढीवर नित्य पाळणारी माणसेही अनोळखी मुलखात अनोळखी वस्तू घेताना तो विसरतात. बर्फावर चालण्यासाठी बुटांखाली बांधायचे रुंद पाय, म्हणजेच स्नोशू, ही अशीच एक वस्तू आहे.

आपल्या समाजातील अनेक कुटुंबांची मुले-मुली आज शिक्षणासाठी व व्यवसायासाठी अमेरिकेच्या ईशान्य भागात राहतात. बोस्टनहून मोटारीने दोन-सव्वादोन तास उत्तरेला गेले की न्यू हॅम्पशायर राज्यातील व्हाइट माउंटन्स ही पर्वतरांग लागते. उन्हाळ्यात तेथील वाटा तुडवलेली तरुण मंडळी डिसेंबर उजाडला की त्याच शिखरांवर हिवाळ्यात जाण्याची स्वप्ने पाहू लागतात आणि साहित्याच्या दुकानात शिरतात. तेथे प्रत्येक स्नोशूवर एक आकडा दिसतो, इतक्या वजनाच्या माणसासाठी इतकी लांबी. आपले वजन पाहावे, त्यापुढची लांबी उचलावी आणि पैसे चुकते करावेत, इतके ते सोपे वाटते. डोंगर मात्र माणसाचे वजन विचारून थांबत नाही. चढ किती तीव्र आहे, बर्फ किती कडक आहे आणि पायाखालचे दात त्यात रुततात की नाही, हेही तो विचारतो. या प्रश्नांची उत्तरे त्या आकड्यात नसतात.

बुडणे आणि घसरणे

बर्फात माणसापुढे दोन संकटे असतात. भुसभुशीत बर्फात पाय मांडीपर्यंत बुडतो, हे पहिले. कडक बर्फावर पाय घसरतो, हे दुसरे. स्नोशूचा जन्म पहिल्या संकटातून झाला. उत्तर अमेरिकेतील मूळ रहिवाशांनी ॲश वृक्षाचे लाकूड वाकवून चौकटी केल्या, त्यांत कच्च्या चामड्याच्या वाद्या विणल्या आणि शरीराचा भार मोठ्या पृष्ठभागावर पसरवण्याची युक्ती साधली. सपाट माळरानासाठी लांब शेपटीचे आणि दाट झाडीसाठी अस्वलाच्या पंजासारखे आखूड व गोल, असे आकारही त्यांनी प्रदेश पाहून ठरवले. म्हणजे जागेनुसार वस्तू निवडण्याचे शहाणपण या कलेत मुळापासूनच आहे.

पुढे लाकडाची जागा ॲल्युमिनियमच्या नळीने घेतली आणि चामड्याच्या वाद्यांऐवजी कृत्रिम कापड किंवा प्लास्टिकचा पत्रा आला. प्राणिज वस्तू टाळणाऱ्या कुटुंबांना हा बदल सोयीचा आहे. आजचे बहुतेक स्नोशू चामड्याविना बनतात. हिवाळी बूटही कृत्रिम साहित्याचे मिळतात. तरीही बुटांच्या बाबतीत चिठ्ठी वाचून खात्री करून घेणे चांगले.

दुसरे संकट घसरण्याचे. तीव्र आणि बर्फाळ वाटेवर तेच मुख्य असते आणि त्याचे उत्तर पृष्ठभागात नसून दातांत असते. सपाट मैदानात फिरण्यासाठी घेतलेला मोठा, हलका, गुळगुळीत कडांचा स्नोशू तीव्र चढावर नेला, तर बुडण्यापासून संरक्षण करणारी वस्तूच घसरगुंडी होऊन बसते.

डोंगराचा स्वभाव

व्हाइट माउंटन्समधील जुन्या वाटा नागमोडी फार कमी आहेत. त्यांपैकी कित्येक ओढ्यांच्या कडेने आणि दगडांवरून जवळजवळ सरळ वर चढतात. उंची मात्र हिमालयाच्या तुलनेत अल्प आहे. सर्वांत उंच माउंट वॉशिंग्टन ६,२८८ फूट, म्हणजे १,९१७ मीटर. ही उंची ऐकून भारतीय मनाला हे शिखर किरकोळ वाटण्याचा संभव असतो. तेथील हवामान हा गैरसमज लवकर दूर करते. १२ एप्रिल १९३४ रोजी या शिखरावर ताशी २३१ मैल, म्हणजे सुमारे ३७२ किलोमीटर वेगाचा वारा नोंदला गेला. फेब्रुवारी २०२३ मध्ये तेथील तापमान उणे ४४ अंश सेल्सिअसपर्यंत उतरले होते.

या भागात हिम पडतो, मध्येच पाऊस येतो, रात्री सारे गोठते आणि त्यावर पुन्हा नवा हिम पडतो. परिणामी एकाच दिवशी एकाच वाटेवर चार प्रकारचे बर्फ भेटतात. पायथ्याशी लोकांच्या पावलांनी दाबला गेलेला टणक पट्टा असतो. मधल्या झाडीत गुडघाभर भुसभुशीत हिम असतो. उभ्या चढावर ओघळून गोठलेला निळसर बर्फ असतो आणि वृक्षरेषेच्या वर वाऱ्याने घासून काढलेली, काचेसारखी कडक पापुद्र्याची जमीन असते. स्नोशू यांपैकी दुसऱ्या प्रकारात राजा आहे, पहिल्यात चालून जातो, तिसऱ्यात त्याची परीक्षा होते आणि चौथ्यात पुष्कळदा तो काढूनच ठेवावा लागतो.

शेजारच्या न्यूयॉर्क राज्यातील ॲडिरॉन्डॅक पर्वतात तर स्नोशू हा नियमाचा भाग आहे. तेथील हाय पीक्स या संरक्षित वनक्षेत्रात बर्फाची जाडी ८ इंच किंवा अधिक असेल, तर स्नोशू किंवा स्की वापरणे बंधनकारक असते. कारण विचार करण्यासारखे आहे. नुसत्या बुटांनी चालणारा माणूस वाटेत खोल खड्डे पाडत जातो, ते रात्री दगडासारखे गोठतात आणि मागून येणाऱ्याचा घोटा त्यांत मुरगळतो. आपल्या पावलाने दुसऱ्याची वाट बिघडू नये, हाच या नियमाचा आशय आहे.

लांबीचा हिशेब

अंथरूण पाहून पाय पसरावेत ही म्हण स्नोशूच्या बाबतीत शब्दशः खरी ठरते. बाजारात पर्वतीय स्नोशू साधारणतः २२, २५ आणि ३० इंच लांबीचे मिळतात. त्यांवर लिहिलेली भारमर्यादा नुसत्या शरीराची नसून कपडे, बूट आणि पाठपिशवी धरून असते. समजा, एखाद्याचे वजन ७० किलो आहे. हिवाळी कपडे, बूट, पाणी, खाद्य आणि जादा उबदार वस्त्रे मिळून आणखी १४ किलो. एकूण ८४ किलो, म्हणजे सुमारे १८५ पौंड. आता २२ इंची स्नोशूवर १८० पौंडांची मर्यादा लिहिली असेल, तर दुकानातील मदतनीस बहुधा २५ इंचांकडे बोट दाखवील.

मोकळ्या, न तुडवलेल्या बर्फासाठी तो सल्ला योग्यच आहे. परंतु व्हाइट माउंटन्समधील बहुतेक प्रसिद्ध वाटा हिवाळ्यातही इतक्या तुडवल्या जातात की तेथे बुडण्याचे भय कमी आणि वळण्याची अडचण जास्त असते. दगडांच्या फटीत, अरुंद झाडीत, उभ्या पायऱ्यांवर आखूड स्नोशू सहज वळतो, दुसऱ्या पायाच्या स्नोशूवर पडत नाही आणि वजनालाही हलका असतो. पायातला एक पौंड पाठीवरच्या पाच पौंडांइतका जाणवतो, असे डोंगरवेडे म्हणतात. हजारो पावलांच्या चढात ते पटू लागते. म्हणून मर्यादेच्या काठावर असलेल्या माणसाने तीव्र वाटेसाठी लहान आकार घ्यावा. काही उत्पादक मागे जोडता येणाऱ्या सुट्या शेपट्याही देतात. ताजा हिम पडला की त्या जोडाव्यात, एरवी पिशवीत ठेवाव्यात. दोन जोड विकत घेण्यापेक्षा हा मार्ग खिशालाही परवडतो.

कड, दात आणि सांधा

तीव्र चढासाठी खरी पारख स्नोशू उलटा करून होते. वरची बाजू रंगाने व नावाने सजलेली असते, गुणवत्ता तळाशी असते. पाहिल्यास तीन प्रकार आढळतात.

पहिला, गोल नळीच्या चौकटीचा. पंजाखाली व टाचेखाली दात असतात, पण कडा गोल असल्याने आडव्या उतारावर तो कलंडून खाली सरकतो. सपाट जंगलवाटेसाठी हा उत्तम व बहुधा स्वस्त. दुसरा, साच्यातून काढलेल्या अखंड प्लास्टिकचा. त्याच्या तळाला लांबीच्या दिशेने पोलादी दातेरी पट्ट्या असतात. तो दणकट असतो, दगडांवर आपटला तरी सहन करतो आणि किंमत मध्यम असते. तिसऱ्या प्रकारात चौकटच उभ्या धातूच्या पातीची असते आणि त्या पातीला सर्व बाजूंनी करवतीसारखे दात असतात. आडव्या उतारावर ही संपूर्ण कड बर्फात रुतते. तीव्र व बर्फाळ वाटांसाठी अनुभवी लोक याच प्रकाराला पसंती देतात. किंमत अर्थातच सर्वांत अधिक. ज्याला वर्षातून एकदा तळ्याकाठी फिरायचे आहे, त्याने हा खर्च करणे म्हणजे धान्यासाठी सोन्याचा काटा घेणे होय. ज्याला दर शनिवारी शिखर गाठायचे आहे, त्याने मात्र येथे काटकसर करू नये.

त्यानंतर सांधा पाहावा. काही स्नोशूंमध्ये बूट बांधायचा भाग पंजाखालच्या आसावर मोकळा फिरतो. पाऊल उचलले की शेपूट खाली लोंबते, त्यावरचा हिम झडून जातो आणि बुटाचे टोक पुढे झुकवून पंजाचे दात चढात खोल ठोकता येतात. उभ्या चढासाठी हीच रचना हवी. ज्यांत हा भाग ताणलेल्या पट्ट्याने बांधलेला असतो, त्यांत स्नोशू पावलाबरोबर वर उचलला जातो. सपाटीवर भरभर चालायला ते बरे पडते, चढावर मात्र त्याचे टोक आड येते आणि हिम पाठीवर उडतो.

तिसरी महत्त्वाची गोष्ट म्हणजे टाचेखालची उचलपट्टी. तारेची ही छोटी कमान चढ लागला की काठीच्या टोकाने वर करायची. टाच तिच्यावर टेकते, पाऊल जवळपास आडवे राहते आणि पोटरीवरचा ताण कमी होतो. लांब चढावर तिचे मोल कळते. सपाटीवर आणि उतारावर ती आठवणीने खाली पाडावी.

शेवटी पट्टे. दुकानाच्या उबेत प्रत्येक पट्टा सुरेख चालतो. उणे १५ अंशांत, वाऱ्यात, जाड हातमोजे घालून तोच पट्टा बांधता आणि सोडता येतो का, ही खरी कसोटी. विणलेल्या नायलॉनचे पट्टे भिजून गोठले की काठीसारखे ताठ होतात. रबरासारख्या लवचिक पदार्थाचे पट्टे थंडीतही वाकतात आणि त्यांवरचा बर्फ झटकला की पडतो. म्हणून दुकानात जाताना स्वतःचे हिवाळी बूट व हातमोजे बरोबर न्यावेत आणि तेथेच बांधून पाहावे. हातमोजा काढल्याशिवाय बकल सुटत नसेल, तर तो जोड परत ठेवावा.

स्नोशूची सीमा

येथवरची पारख झाल्यावर एक कटू सत्य उरते. सर्वांत महाग स्नोशूलाही सीमा आहे. निव्वळ टणक बर्फावर त्याचे दात वरवर ओरखडतात. विशेषतः उतरताना शरीराचा भार टाचेकडे जातो, पंजाचे दात सुटतात आणि पाय पुढे धावू लागतो. चढून गेलेली प्रत्येक जागा उतरता येईलच, असे हिवाळ्यात गृहीत धरता येत नाही.

म्हणून या वाटांवर जाणकार माणूस तीन साधने जवळ बाळगतो. तुडवलेल्या, कडक व मध्यम चढाच्या वाटेसाठी बुटावर ताणून चढवायचे साखळीचे मायक्रोस्पाइक्स, ज्यांचे दात सुमारे एक सेंटिमीटर असतात. सैल हिमासाठी स्नोशू. आणि उभ्या, काचेसारख्या बर्फासाठी १० किंवा १२ लांब दातांचे क्रॅम्पॉन, ज्यांच्याबरोबर आइस ॲक्स आणि ती वापरण्याचे रीतसर शिक्षणही हवे. क्रॅम्पॉन नवशिक्याने पहिल्यांदा शिखरावर बांधायची वस्तू नव्हे. त्याचा दात दुसऱ्या पायाच्या पट्ट्यात अडकला तरी माणूस कोसळतो. दातेरी साधन पायात असताना उतारावर बसून घसरत जाण्याचा मोह तर कटाक्षाने टाळावा, कारण एखादा दात बर्फात अडकला की सारा वेग घोट्यावर येतो.

साधन बदलायचे कधी, याचे उत्तर एका वाक्यात देता येते. गरज भासण्यापूर्वी. पाय घसरू लागल्यावर अर्ध्या चढावर, एका पायावर तोल सावरत पट्टे सोडणे हे संकटाला आमंत्रण आहे. पुढचा चढ चकाकताना दिसला की खालच्या सपाट जागीच थांबावे, पिशवी झाडाला टेकवावी आणि शांतपणे साधन बदलावे.

उताराचा कोनही ध्यानात ठेवावा. बहुतेक हिमस्खलने ३० ते ४५ अंशांच्या मोकळ्या उतारांवर होतात. माउंट वॉशिंग्टनच्या टकरमन व हंटिंग्टन या दऱ्या त्यासाठीच ओळखल्या जातात आणि तेथील हिमस्खलन केंद्र हिवाळ्यात धोक्याचा अंदाज प्रसिद्ध करते. उतार जसजसा ३० अंशांकडे जातो, तसतसा स्नोशूचा प्रांत संपत जातो. तेथे निवडीचा प्रश्न स्नोशूचा उरत नाही, त्या दिवशी तेथे जावे की नाही याचा होतो.

खरेदीपूर्वी आणि निघण्यापूर्वी

पहिल्या हिवाळ्यात विकत घेण्याची घाई करू नये. या भागातील अनेक दुकाने दिवसाच्या भाड्याने स्नोशू देतात. एकदा नळीचे, एकदा दातेरी कडेचे नेऊन पाहावे. दोन सहलींचे भाडे चुकीच्या खरेदीपेक्षा कितीतरी स्वस्त पडते. बरोबर काठ्या घ्याव्यात आणि त्यांच्या टोकाला हिमासाठीच्या रुंद चकत्या लावाव्यात. तुटलेला पट्टा तात्पुरता बांधण्यासाठी प्लास्टिकच्या दोन-तीन पट्ट्या व थोडी तार पिशवीत असावी. पिण्याचे पाणी बाटली उलटी करून ठेवावे, म्हणजे गोठण्यास सुरुवात बुडाकडून होते आणि झाकण मोकळे राहते. सुकामेवा, चिक्की, खाकरा असे न भिजणारे खाद्य कोटाच्या आतल्या खिशात ठेवले, तर थंडीने दगड होत नाही.

डिसेंबरच्या अखेरीस तेथे सूर्य सायंकाळी सव्वाचारच्या सुमारास मावळतो. म्हणून परतीची वेळ घरूनच ठरवून निघावे आणि ती घरच्यांना सांगावी. शिखर दहा मिनिटांवर असले, तरी त्या वेळेला वळावे. न्यू हॅम्पशायरमध्ये निष्काळजीपणामुळे अडकलेल्या गिर्यारोहकाकडून सुटकेचा खर्च वसूल करण्याची तरतूद कायद्यात आहे. पण खर्चाचा हिशेब ज्याला करता येतो, तो भाग्यवान म्हणायचा. फेब्रुवारी २०१५ मध्ये याच पर्वतात न्यूयॉर्कहून आलेली ३२ वर्षांची एक स्त्री, तंदुरुस्त, अनुभवी, जवळ संकटसूचक बीकन असलेली, वादळी वाऱ्यात मृत्युमुखी पडली. बीकनने संकेत दिला होता. बचावपथक रात्रीच बाहेर पडले होते. वाऱ्याने त्यांना वेळेत पोहोचू दिले नाही.

मुले दूर देशी असली की आई-वडील पैसे पाठवतात, चांगल्यातले चांगले घे असे सांगतात. त्या सांगण्यात माया असते. तिच्या जोडीला आणखी दोन प्रश्न विचारावेत. वाट कशी आहे, आणि तू किती वाजता परत फिरणार? पहिल्या प्रश्नाने योग्य स्नोशूची निवड होईल. दुसऱ्याने तो स्नोशू बांधलेले पाऊल घरी परत येईल. डोंगर पुढच्या शनिवारीही तेथेच असतो. त्याच्याकडे पुन्हा जाता यावे, यासाठीच ही सारी पारख.